शून्य, एक, तीन

जुन्या मीडियम फॉरमॅट भिंगाच्या कमरेला शटर बसवलेलं असतं आणि जाणकार गिऱ्हाईक पहिल्यांदा त्याचाच नंबर विचारतं: शून्य की एक? हे आकडे म्युनिकचे. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ख्रिस्तियान ब्रुन्स आणि फ्रिडरिश डेकेल यांनी तिथे 'कंपाउंड' नावाचं शटर बनवलं. त्यात एका बारीक नळकांड्यात दट्ट्या सरकायचा, आणि कोंडलेली हवा ज्या वेगाने निसटेल त्यावर पाती किती वेळ उघडी राहणार हे ठरायचं. कल्पना सुरेख, पण हवेवर विसंबलेली. थंडी पडली किंवा नळकांड्यात धूळ गेली की वेळ हलायची.

1912च्या सुमारास डेकेलच्या कारखान्यातून 'कॉम्पूर' बाहेर पडलं. हवेच्या जागी घड्याळाची दातेरी चाकं आली आणि सेकंदाचे बारीक भाग भरवशाने मोजता येऊ लागले. कॉम्पूर 00, 0, 1, 2, 3 अशा आकारांत निघायचं. हे आकडे म्हणजे नुसते अनुक्रम, त्यांत मिलिमीटर नाहीत. पुढे जपानच्या कोपाल कंपनीने त्यांतले 0, 1 आणि 3 उचलले. कोपालच्या पात्यांमधली मोकळी जागा अनुक्रमे 24, 30 आणि 45 मिमी, तर लेन्सबोर्डाला पाडायची भोकं 34.6, 41.6 आणि 65 मिमीची. पाती मोठी झाली की जड होतात आणि वेग उतरतो. कोपाल 0 सेकंदाच्या 500व्या भागापर्यंत जातं, 1 थांबतं 400वर आणि 3 तर 125वरच. मोठं भोक हवं असेल तर ही किंमत मोजावी लागते.

घोटाळा होतो तो यापुढे. मोठ्या नंबरचं शटर म्हणजे मोठी फिल्म झाकणारं भिंग, असं सर्रास धरून चालतात. शटरच्या भोकाचा संबंध येतो तो त्यातून जाणाऱ्या प्रकाशाच्या झोताच्या जाडीशी. फिल्मवर प्रतिमेचं केवढं वर्तुळ पडणार, हे भिंगाची रचना आणि फोकल लेंग्थ ठरवतात. 120 फिल्म कोडॅकने 1901 साली आणली. तिच्यावरच्या 6×9च्या चौकटीचा कर्ण सुमारे 101 मिमी, 6×6चा 79 मिमी. वर्तुळ कर्णाएवढं तरी हवं, नाहीतर कोपरे काळवंडतात. पाउल रुडोल्फ यांनी येनाला 1902 साली रचलेलं टेसार साधारण 55 ते 60 अंशांचा कोन पेलतं. म्हणून 6×9ला 105 मिमीचं टेसार आलं, आणि 1929च्या पहिल्या रोलाइफ्लेक्सला 75 मिमीचं. दोन्हींत वर्तुळ चौकटीला जेमतेम पुरतं. भिंग वर सरकवून उंच इमारत सरळ टिपायची म्हटलं तर हात आखडतो.

शटरचा नंबर आणि वर्तुळ यांचं नातं किती सैल आहे, हे मला हॅसलब्लाडच्या दोन भिंगांत सर्वांत स्वच्छ दिसतं. लुडविग बेर्टेले यांच्या 38 मिमी बायोगॉनवर कंपनीने 1954 साली एक रुंद कोनाचा कॅमेरा उभारला. f/4.5ला त्याच्या झोताची जाडी 9 मिमीसुद्धा भरत नाही, आणि तरीही ते 6×6ची अख्खी चौकट 90 अंशांहून जास्त कोनात झाकतं. मागची काच फिल्मला जवळजवळ टेकलेली असल्यामुळे आरशाला जागाच उरत नाही. म्हणून तो कॅमेरा रिफ्लेक्स नाही आणि चौकट वेगळ्या व्ह्यूफाइंडरमधून पाहावी लागते. इतक्या जुन्या काळात कोपऱ्यापर्यंत अशी स्वच्छ, सरळ रेष मिळावी, याचं मला अजून अप्रूप वाटतं.

दुसरं भिंग 110 मिमी f/2 प्लानार. झाकायची चौकट तीच, 6×6. पण झोताची जाडी 55 मिमी. 1957च्या 500सीपासून हॅसलब्लाडच्या भिंगांत कॉम्पूर असायचं, आणि एवढा झोत सामावेल असं त्यात भोकच नव्हतं. शेवटी शटर भिंगातून काढून कॅमेऱ्याच्या पोटात, फिल्मच्या पुढ्यात न्यावं लागलं. 1977च्या 2000एफसीने ते केलं, आणि 110चं हे भिंग त्याच घराण्यासाठी, शटरविना घडवलं गेलं. त्याला शून्य, एक, तीन यांतला कुठलाच नंबर नाही.