परदेशात लहान मुलांना इंग्रजी शिकवायला जाताय? आधी परमिटवर काय लिहिलंय ते वाचा

डी.एड., बी.एड. किंवा नुसतं ग्रॅज्युएशन झालेल्या आपल्याकडच्या अनेक मुला-मुलींना बाहेरच्या देशात बालवाडीत इंग्रजी शिकवण्याच्या ऑफर येतात. ‘व्हिसा आम्ही करून देतो, आधी या तर खरं’ असं एजंट सांगतो. पण व्हिसा हा देशात शिरण्याचा परवाना असतो. काम करायला वेगळी परवानगी लागते. त्या परवानगीवर मालकाचं नाव, कामाचं स्वरूप आणि बहुतेक वेळा ठिकाणही ठरलेलं असतं. यातलं काही बदललं की ते बेकायदा काम होतं. तपासणीत मालकाला दंड होतो, पण देशाबाहेर काढलं जातं ते शिक्षकाला. म्हणून कुठे काय नियम आहेत, ते पाहू.

चीन

चीनमध्ये नोकरीसाठी ‘झेड’ व्हिसा, वर्क परमिट आणि तिथे पोहोचल्यावर रेसिडेन्स परमिट, अशा तिन्ही गोष्टी लागतात. इंग्रजी शिक्षकाच्या वर्क परमिटसाठी साधारणपणे इंग्रजी मातृभाषा मानल्या गेलेल्या देशाचा पासपोर्ट, पदवी आणि दोन वर्षांचा अनुभव मागितला जातो. या नियमामुळे भारतीय पासपोर्टवर हे परमिट मिळणं फार अवघड आहे. मग ‘बिझनेस व्हिसावर या, नंतर बदलून देऊ’ असं सांगितलं जातं. इथेच फसगत होते.

तिथे एमबीबीएस करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी तर जास्तच जपावं. स्टुडंट व्हिसावर, कॉलेज आणि इमिग्रेशनची परवानगी न घेता, शनिवार-रविवार बालवाडीत शिकवणं हेही बेकायदा कामच आहे. २०१३ पासून लागू असलेल्या एक्झिट-एंट्री कायद्याच्या कलम ८० प्रमाणे दंड ५,००० ते २०,००० युआन आहे. प्रकरण गंभीर असेल तर त्यासोबत ५ ते १५ दिवसांची कोठडी. देशाबाहेर काढलं तर १ ते ५ वर्षं परत येता येत नाही. म्हणजे डिग्रीच अर्धवट राहू शकते. मालकाला बेकायदा ठेवलेल्या दर माणसामागे १०,००० युआन दंड आहे, पण एकूण दंड एक लाखाच्या वर जात नाही.

जुलै २०२१ मध्ये चीन सरकारने खासगी शिकवण्यांवर मोठे निर्बंध आणले. शाळेत जाण्याआधीच्या वयाच्या मुलांना ऑनलाइन शिकवणी देणं बंद झालं. ‘प्री-स्कूल’ नावाखाली इंग्रजीचे क्लास घेण्यावरही बंदी आली. चीनबाहेर बसलेल्या परदेशी शिक्षकांकडून शिकवणी घेण्यालाही मनाई झाली. त्यामुळे घरी बसून चिनी मुलांना शिकवण्याची जाहिरात दिसली, तर कंपनी कुठल्या नियमाखाली चालते, हे आधी विचारा.

तैवान

इथली अडचण वयाची आहे. खासगी क्लासमध्ये (तिथे त्याला बुशीबान म्हणतात) इंग्रजी शिकवण्याचं परमिट परदेशी माणसाला मिळू शकतं, पण बालवाडीत इंग्रजी शिकवण्यासाठी ते मिळत नाही. तरी परमिट क्लासच्या नावाने काढून काम बालवाडीत देण्याचे प्रकार होतात. परमिट खरं असलं तरी काम चुकीच्या जागी आहे, म्हणून गुन्हा होतोच. शिक्षकाला ३०,००० ते १,५०,००० तैवानी डॉलर दंड आणि देश सोडण्याचा आदेश मिळू शकतो. तपासणी आली की ‘मागच्या खोलीत जा’ असं कुणी सांगत असेल, तर काय चाललंय हे ओळखायला हवं.

थायलंड

टुरिस्ट म्हणून प्रवेश मिळाला म्हणजे काम करता येतं, असं नाही. ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा आणि वर्क परमिट हवं. शाळेत शिकवायचं तर तिथल्या शिक्षक परिषदेचं, म्हणजे खुरुसाफाचं लायसन्स किंवा तात्पुरती सूटही हवी. परमिटशिवाय काम केल्यास ५,००० ते ५०,००० बाट दंड, देशाबाहेर रवानगी आणि दोन वर्षं नवं परमिट नाही.

दक्षिण कोरिया

इथे भारतीयांसाठी एक कायदेशीर दार उघडं आहे. इंग्रजी शिक्षकांचा ‘ई-२’ व्हिसा ठरावीक सात देशांच्या नागरिकांना मिळतो. मात्र २०१० पासून लागू असलेल्या भारत-कोरिया व्यापार करारामुळे पदवी आणि इंग्रजी शिकवण्याचं अधिकृत शिक्षक प्रमाणपत्र असलेल्या भारतीयालाही अर्ज करता येतो. म्हणजे इथे बी.एड. खरोखर कामी येतं. पण या व्हिसावर परस्पर घरगुती शिकवण्या घेता येत नाहीत.

संयुक्त अरब अमिराती

कोकणातली कितीतरी कुटुंबं दुबई-शारजाला आहेत. नवऱ्याच्या व्हिसावर राहून घरीच लहान मुलांच्या ट्यूशन घेणाऱ्या आपल्या बहिणीही आहेत. डिसेंबर २०२३ पासून तिथे खासगी शिकवणीसाठी वेगळं परमिट सुरू झालं. ते मनुष्यबळ मंत्रालयाकडून मिळतं, त्याला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. नोकरी न करणाऱ्यांनाही अर्ज करता येतो. आचारसंहितेवर सही करावी लागते. फुकट आणि कायदेशीर मार्ग असताना लपून शिकवण्याचा धोका का घ्यायचा?

नर्सरीत नोकरी करायची तर नवऱ्याचा व्हिसा पुरत नाही, वर्क परमिट वेगळं लागतं. परमिटशिवाय माणूस ठेवणाऱ्या मालकाचा दंड २०२४ मध्ये १ लाख ते १० लाख दिरहम झाला आहे.

आणखी एक गोष्ट सहज विसरली जाते. मुलांचे फोटो परवानगीशिवाय काढणं किंवा स्टेटसला टाकणं हा तिथल्या सायबर कायद्यात तुरुंगवासापर्यंत नेणारा गुन्हा आहे. मुलावर हात उगारणं तर कुठेच खपवून घेतलं जात नाही.

निघण्याआधी

– एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, ते ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. नोंदणीकृत एजंटची फी कमाल ३०,००० रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढीच असू शकते.
– करारात शाळेचं नाव, पत्ता, मुलांचा वयोगट आणि तास लिहून घ्या. परमिटवरचं नाव तेच आहे ना, ते पाहा.
– डिग्री खरीच हवी. कोरियासाठी अपोस्टिल चालतं, चीन आणि अमिरातीसाठी दूतावासाचं अटेस्टेशन लागतं. खोटी कागदपत्रं हा स्वतंत्र गुन्हा आहे.
– पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट पासपोर्ट सेवा केंद्रातून काढून ठेवा.
– पासपोर्ट मालकाकडे ठेवू नका. व्हिसा, परमिट आणि कराराच्या प्रती घरच्यांकडे द्या.

अडकलात तर

पकडलं गेल्यास पळू नका, खोटं बोलू नका. भाषा कळत नसेल तर कागदावर सही करण्याआधी दुभाषी मागा. भारतीय दूतावासाशी संपर्क करू द्या, अशी मागणी करा, तो तुमचा हक्क आहे. घरच्यांनी इथून ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी आणि एजंटने फसवलं असेल तर जवळच्या पोलीस ठाण्यातही द्यावी.

नियम आणि दंडाच्या रकमा बदलत राहतात. म्हणून तिकीट काढण्याआधी त्या देशाच्या दूतावासाला एक ईमेल जरूर करा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा.