कॅरेक्टर शीट: चौकटींचा इतिहास

आज एका कागदाबद्दल बोलू.

१९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ अमेरिकेत आला. पेटीत तीन पुस्तिका होत्या, पण छापील कॅरेक्टर शीट नव्हतं. झायलार्थन नावाच्या जादूगाराची नमुना नोंद तेवढी होती: शक्ती ६, बुद्धी ११, असे सहा गुण. सापशिडीतल्यासारखे तीन फासे टाकायचे. बेरीज ३ ते १८. खेळाडू तेच कागदावर उतरवून घेत. स्वभावासाठी वेगळी जागा नव्हती.

१९८१ मध्ये ‘कॉल ऑफ कथुलू’ आला. त्याच्या शीटवर मानसिक संतुलनाचे आकडे होते. भयानक काही दिसलं की ते घटत. आता जिवाइतकंच मनही सांभाळावं लागे. १९९१ च्या ‘व्हँपायर: द मास्करेड’मध्ये माणुसकी ठिपक्यांनी मोजली गेली. २०१४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या पाचव्या आवृत्तीच्या शीटवरही आदर्श, बंध आणि उणिवा यांच्या चौकटी आल्या.

म्हणून स्वतःचा खेळ रचताना आधी ठरवा, कागदावर जागा कशाला द्यायची. खेळाडूची नजर डावभर तिथेच जाते. ज्याला चौकट नाही, ते खेळताना सहज विसरलं जातं.