मुरमाच्या वाटेवरची सायकल

मागच्या हिवाळ्यात कामणच्या नाक्यावर एका तरुणानं सायकल थांबवून मला विचारलं, “काका, डांबर नसलेला रस्ता कुठला?” मी बघतच राहिलो. आमच्या लोकांनी जन्मभर डांबरच मागितलं!

माझे अब्बा भिवंडीच्या मागावरच्या कापडाचं गाठोडं कॅरियरला बांधून तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवर विकायला जात. मुरूम, चढण, पंक्चर. पावसाळ्यात तर सायकलच त्यांच्या खांद्यावर बसे.

इटलीत, तोस्काना प्रांतात, डोंगरातल्या द्राक्षमळ्यांमधून पांढऱ्या खडीचे रस्ते जातात. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून १९९७ साली गायोले गावात ‘लेरोइका’ ही जुन्या सायकलींची फेरी सुरू झाली. अशा वाटांवर हौसेनं फिरण्याचं वेड आता आपल्याकडेही आलं आहे. मुंबईची सायकल मात्र इटलीला फार आधी पोचली. अदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगारा हे पारशी तरुण साथीदारांसह १९२३ मध्ये निघाले. पुरी पृथ्वीप्रदक्षिणा करून १९२८ मध्ये परतले ते हे तिघेच. सुमारे ७१ हजार किलोमीटर! वाटेत कितीतरी ठिकाणी कच्चा रस्ताही नव्हता. हौसेचा प्रश्नच कुठे?

आज चिंचोटी–अंजूरफाटा रस्त्यावर ट्रकांच्या गर्दीत सायकलला जागा उरलेली नाही. म्हणून तो तरुण आत वळू पाहतो, हे मला पटतं. पण अडलेल्या बाईला झोळीतून न्यावं लागतं, अशी बातमी आपल्या जिल्ह्यातून येते तोवर कच्च्या वाटेचं कौतुक माझ्या तोंडून निघायचं नाही.

वाट मी दाखवली. “चढणीला उतरावं लागेल हं,” म्हटलं. त्यानं हसून गिअर दाखवले.