तंजावूर राजवाडा परिसर

तमिळनाडूतील तंजावूर शहरात, बृहदीश्वराच्या मोठ्या देवळाच्या ईशान्येस, जुन्या किल्ल्याच्या हद्दीत वसलेला हा वास्तुसमूह स्थानिक लोकांत अरण्मनै या नावाने ओळखला जातो. सोळाव्या शतकात नायक राजांनी त्याची उभारणी आरंभिली. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी १६७६ च्या सुमारास येथे गादी स्थापिल्यावर भोसले कुळातील राजांनी त्यात महाल, चौक व दिवाणखाने वाढविले. १८५५ मध्ये दुसरे शिवाजीराजे पुत्रावाचून निवर्तले, आणि कंपनी सरकारने राज्य तर खालसा केलेच, परंतु खासगी मालमत्तेवरही जप्ती बसविली. राणी कामाक्षीबाईंनी तिच्याविरुद्ध दाद मागितली असता, हे राजसत्तेचे कृत्य असून न्यायालयाच्या कक्षेत येत नाही, असा निवाडा प्रिव्ही कौन्सिलने १८५९ मध्ये दिला. घराण्याचे वंशज आजही परिसराच्या एका भागात राहतात.

महाराष्ट्रातून येणारा प्रवासी बहुधा मोठे देऊळ सावकाश पाहतो आणि उरल्या वेळात राजवाडा उरकून घेतो. ही त्याची स्वतःची हानी होय. कारण १७९९ च्या तहाने मुलखाचा कारभार हातचा गेला, किल्ला व आसपासचा थोडा प्रदेश एवढीच सत्ता शिल्लक राहिली, तरी दुसऱ्या सरफोजीराजांनी (कारकीर्द १७९८–१८३२) आपले वैभव ग्रंथ, वैद्यक व गायन यांच्या ठायी अशा निष्ठेने वेचले, की फौजा बाळगणाऱ्या कित्येक समकालीन राजांपेक्षा या राजाचे ऋण विद्येच्या क्षेत्रात अधिक उरले आहे.

त्या ऋणाची साक्ष म्हणजे सरस्वती महाल ग्रंथालय. नायकांच्या काळापासूनचा हा ग्रंथसंग्रह सरफोजीराजांनी वाढविला. १८२० साली निघालेल्या काशीयात्रेतही त्यांनी हस्तलिखिते जमविली. संस्कृत पोथ्यांचा भाग सर्वांत मोठा असला, तरी मराठी हस्तलिखितेही सुमारे ३,००० आहेत, आणि राज्याच्या कारभाराचे मोडी दप्तर वेगळेच. १८०५ मध्ये राजांनी देवनागरी मुद्रणालय काढले व पुढील वर्षी त्यातून ‘बालबोधमुक्तावलि’ हे इसापनीतीचे मराठी रूपांतर छापून निघाले. मराठी मुद्रणाचा विचार करताना मुंबईच्या आधी कावेरीच्या तीराकडे पाहावे लागते, ही गोष्ट आपल्याकडे अजून पुरेशी रुजलेली नाही.

परिसर पाहावयास गाण्याचा कान असलेल्या स्नेह्यासह जावे. नायककालीन संगीत महालात एकाने गायकाच्या जागी उभे राहून हलक्या आवाजात षड्ज लावावा आणि दुसऱ्याने दालनाच्या दूरच्या टोकास थांबून तो ऐकावा. वास्तूचा हेतू मग वाटाड्याने सांगण्याची गरज उरत नाही. सरफोजीराजांच्याच दरबारात चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम व वडिवेलू या चार बंधूंनी भरतनाट्याच्या कार्यक्रमाला आजचा क्रम दिला. त्यांतील वडिवेलूने व्हायोलिनला कर्नाटक संगीतात स्थान मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. त्याआधीच्या पिढ्यांत शहाजीराजांनी ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे मराठी नाटक रचले, तर तुकोजीराजांनी ‘संगीतसारामृत’ हा संस्कृत शास्त्रग्रंथ सिद्ध केला. मराठी कीर्तनकारांच्या साकी, दिंडी, ओवी या रचना याच भूमीत तमिळ हरिकथेत मिसळल्या व अद्याप त्याच नावांनी गायिल्या जातात. पैशाअडक्याच्या भाषेत मोजता न येणारा हा व्यवहार दोन प्रांतांनी येथे शतकानुशतके केला.

नायक दरबारात १९५१ पासून कलादालन आहे. येथील चोलकालीन कांस्यमूर्तींत तिरुवेंकाडूचा वृषभवाहन शिव (१०११) सर्वांत आधी गाठावा. जटा पागोट्याप्रमाणे गुंडाळलेल्या, एक पाय दुसऱ्यापुढे सहज टाकलेला, आणि एक हात शेजारच्या नंदीवर रेललेला. नंदी आज तेथे नाही, तरीही त्या हाताला आधार असल्याचा भास होतो. त्याच दालनात सरफोजीराजांचा फ्लॅक्समन या इंग्रज शिल्पकाराने घडविलेला संगमरवरी पुतळा आहे. मराठा दरबाराचे रंगीत स्तंभ आणि चुनेगच्चीतील देवदेवतांची उठावाची कामे जागजागी ढासळलेली आहेत. इतक्या मोलाच्या वास्तूची निगा याहून पुष्कळ चांगली राखली गेली पाहिजे, असे येथे स्पष्टपणे नोंदविणे अवश्य वाटते.

मोठ्या देवळाच्या प्राकाराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी १८०३ मध्ये कोरविलेला भोसले वंशाचा मराठी लेख आहे. राजवाडा पाहून झाल्यावर तो वाचावयास पुन्हा देवळाकडे वळावे. वीणेच्या कारागिरांच्या कार्यशाळाही शहरात आहेत. फणसाच्या लाकडाच्या दांड्यावर काळ्या मेणाचा थर देऊन त्यात चोवीस पितळी पडदे स्वरांच्या हिशेबाने एकेक करून बसविताना कारागीर प्रत्येक पडद्यावर तार दाबून ऐकतो, मेण किंचित तापवून पडदा सुताभर सरकवितो, पुन्हा ऐकतो. सवड असल्यास हे काम शेजारी बसून पाहावे.

तंजावूरच्या उत्तरेस सुमारे १३ किलोमीटरवर तिरुवैयारू येथे त्यागराजस्वामींची (१७६७–१८४७) समाधी आहे. पौष वद्य पंचमीस तेथे आराधना होते व शेकडो गायक-वादक एकत्र बसून त्यांच्या पंचरत्न कृती गातात. त्या दिवसांत सकाळी राजवाडा व सायंकाळी तिरुवैयारू असा बेत करणे सोईचे. मात्र मुक्कामाची व्यवस्था बरीच आधी करावी लागते.