गुरांचा डॉक्टर आणि त्याचा व्यवसायसंघ

खानदेशात बैलाचे मोल कोणी कोणास सांगावयास नको. कपाशीच्या या मुलखात काळी जमीन नांगरावयाची ती बैलांनी, आणि कापूस बाजारास न्यावयाचा तोही बैलगाडीनेच, अशी पिढ्यान्‌पिढ्यांची रीत होती. बुळकांडीची साथ आली म्हणजे भरले गोठे रिकामे होत. औषधपाला जाणणारे वृद्ध गावोगाव असत. परंतु शास्त्र शिकलेला पशुवैद्य कोणास म्हणावे, आणि ते ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यांच्या कक्षेबाहेरचा होता.

या प्रश्नाचे एक उत्तर इंग्लंडात निघाले होते. लंडनला १७९१ साली पशुवैद्यक विद्यालय निघाले, तथापि तेथील परीक्षेवर व्यवसायातील मंडळी संतुष्ट नव्हती. त्यांनी खटपट करून १८४४ साली राजाज्ञेने स्वतःची संस्था स्थापिली. विद्यालयाने शिकवावे व व्यवसायाने परीक्षा घ्यावी, असा तो पायंडा. याच परंपरेत वाढलेले जे. एच. स्टील हे १८८६ साली परळ येथे निघालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत. बाई साकरबाई पेटिट यांच्या नावाचे जनावरांचे रुग्णालय शेजारीच होते, म्हणून विद्यार्थ्यांना रोगी जनावरांची वाण पडली नाही. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की, स्टील यांनी फ्रेडरिक स्मिथ यांच्यासह पशुवैद्यकाचे त्रैमासिक १८८२ सालीच काढले होते. म्हणजे महाविद्यालय मागाहून, नियतकालिक आधी!

मुंबई प्रांतात स्वातंत्र्यापर्यंत हे एकच महाविद्यालय होते. खानदेशच्या मुलास शिकावयाचे तर परळ गाठणे भाग. जळगाव हमरस्त्याच्या लोहमार्गावर. धुळेकरास मात्र १९०० साली चाळीसगावचा फाटा होईपर्यंत तेवढीही सोय नव्हती. १९०६ साली खानदेशचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले व जळगाव आणि धुळे ही त्यांची मुख्य ठाणी बनली. परंतु पदविका घेऊन तालुक्याच्या गुरांच्या दवाखान्यात बसलेला मनुष्य एकटा तो एकटाच. शंका विचारावी तर समव्यवसायी कोसांगणती दूर.

आणि शास्त्र तर थांबत नव्हते. १९२० साली परळहून बाहेर पडलेल्या पशुवैद्याची गोष्ट घ्या. बुळकांडीवर रक्तलस टोचावयाची, हे त्याचे शिक्षण. पण नुसत्या रक्तलसीचे संरक्षण अल्पकाळ टिके, आणि तिच्याबरोबर रोगी जनावराचे रक्त टोचावे तर रोग बळावण्याचा धोका. पुढे १९२७ च्या सुमारास मुक्तेश्वरच्या प्रयोगशाळेत जे. टी. एडवर्ड्स यांनी रोगबीज बकऱ्यांतून पुनःपुन्हा नेऊन सौम्य केले. या लसीचे संरक्षण दीर्घकाळ टिके. आता ही विद्या त्याला कोणी शिकवावी? महाविद्यालयाचा दरवाजा मागे बंद झालेला. खात्याची परिपत्रके येत. परंतु परिपत्रक आज्ञा करते, कारण सांगत नाही. कारणे, प्रयोग आणि मतभेद यांची जागा व्यवसायाच्या नियतकालिकात. पी. श्रीनिवास राव यांनी १९२४ साली मद्रासहून काढलेले ‘इंडियन व्हेटरिनरी जर्नल’ पुढे भारतीय पशुवैद्यक संघाचे मुखपत्र म्हणून ओळखले गेले. माझ्या मते व्यवसायसंघाची शिक्षणातील खरी कामगिरी ती हीच. पदविकेनंतरच्या तीस वर्षांचे शिक्षण, ज्याची परीक्षा कोणी घेत नाही!

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. त्या नियतकालिकाची भाषा इंग्रजी, आणि गोठ्यातली भाषा अहिराणी. फऱ्या, घटसर्प, लाळ्याखुरकूत ही नावे शेतकऱ्याने दिलेली. त्या नावांखाली त्याने काय पाहिले होते, हे विचारण्यास संघाच्या सभा फारशा उपयोगी नव्हत्या. ते काम दवाखान्यातल्या डॉक्टराने आपल्या तोंडीच करावे.

बुळकांडीपासून भारत मुक्त झाल्याचे २००६ साली जाहीर झाले, व २०११ साली सर्व जगातूनच ती गेली. मध्यंतरी अधिकाराचा जुना प्रश्नही मार्गी लागला. १९८४ च्या कायद्याने भारतीय पशुवैद्यक परिषदेस शिक्षणाची किमान पातळी ठरविण्याचा व पदव्यांच्या मान्यतेविषयी केंद्र सरकारला सल्ला देण्याचा अधिकार मिळाला. या परिषदेत सरकारने नेमलेल्यांबरोबर नोंदणीकृत पशुवैद्यांनी निवडून दिलेले सभासदही बसतात. अर्थात रावेरचा अथवा शिरपूरचा पशुवैद्य आता परळच्या अभ्यासक्रमाविषयी मतपत्रिकेवाटे बोलू शकतो.