नावातलं मीठ

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

खाल्ल्या मिठाला जागावं, असं आपण म्हणतो. पिकाला मात्र मीठ खाणं परवडत नाही. जमीन खारी झाली की मुळांना पाणी ओढणं जड जातं; पायाशी ओल असून रोप तहानलेलं राहतं. शिवाय मिठातलं सोडियम रसाबरोबर वर चढतं आणि पानं करपतात.

हे दुखणं फार जुनं. इराकच्या दक्षिणेला प्राचीन सुमेर देशात कालव्यांच्या पाण्यानं जमिनीत क्षार साचले. तिथं गहू मागे पडला आणि खारेपणा जास्त सोसणारा जव पुढे आला, असं जेकबसेन आणि ॲडम्स या अभ्यासकांनी १९५८ साली जुन्या नोंदींवरून मांडलं. कारणांबद्दल पुढे वाद झाले. पण जव गव्हाहून काटक, यात शंका नाही.

आपल्याकडच्या शेतकऱ्यांनी याच कामासाठी भाताचं बी निवडलं. गोव्याच्या खाजणांत कोरगुट, केरळात पोक्कळी, बंगालकडे नोना बोकरा. नोना म्हणजे खारट! वाणाचा गुण नावातच सांगून ठेवलेला. पोक्कळीचा शेतकरी तर शेतात मातीचे उंचवटे करतो. पावसानं त्यांतलं मीठ धुऊन गेलं की त्यावर बी पेरतो, आणि रोपं वाढली की उंचवटे मोडून ती शेतभर पसरतो. म्हणजे थोडं पिकानं सोसायचं, थोडं माणसानं सावरायचं.

नोना बोकरा तगतो कसा, याचं एक उत्तर २००५ साली मिळालं. चीनमधल्या शास्त्रज्ञांनी त्याचा जपानच्या कोशिहिकारी भाताशी संकर करून एक जनुक शोधून काढलं. हे जनुक वर चढणाऱ्या रसातलं सोडियम वाटेतच काढून घ्यायला लावतं. पानापर्यंत फार थोडं पोचतं. दारातच पाहुण्याचे चिखलाचे जोडे काढून घ्यावेत, तसं.

प्रयोगशाळेला उत्तर सापडलं, कारण बी शिल्लक होतं. ते कुणी निवडलं, किती पिढ्या कणगीत जपलं, याची नोंद कुठल्याच पाटीवर नाही. असे जुने वाण उंच वाढून लोळतात, उतारा कमी देतात, म्हणून मागे पडतात. पण जे बी पेरलं जात नाही, त्याचं नुसतं नाव उरतं. आणि नाव पेरून भात उगवत नाही.