सुप्याचा बाजार आणि नांगराची निशाणी



गेल्या वर्षी पुतण्याच्या मुलीचा दिल्लीहून फोन आला. बारावीला आहे. "आजोबा, आमच्या इतिहासाच्या पुस्तकात सुपे नावाचं गाव आलंय, पुणे जिल्ह्यातलं. ते आपलंच का?" मी हो म्हणालो आणि फोन ठेवल्यावर ओशाळलो. सुप्याच्या बाजारात मी वडिलांचं बोट धरून शेळ्या विकायला गेलेलो आहे. बारामतीत शाळेची पाच वर्षे आपण इतिहास शिकलो, मराठीच्या तासाला मोरोपंतांच्या आर्या पाठ केल्या, पंतांनी याच गावात 1794 साली देह ठेवला हेही ऐकले. पण सुप्याच्या बाजारात काय घडले होते, ते कोणी सांगितल्याचे मला आठवत नाही. आणि आपणही कोणाला विचारले नाही.

संपादक मंडळाने 'छंद' या विषयावर लिहायला सांगितले आहे. माझा छंद तुम्हाला ठाऊक आहे आणि भेटलो की त्याची थट्टाही होते. बँकेची नोकरी सांभाळून मी पंचवीस-तीस वर्षे वर्तमानपत्रांना पत्रे लिहीत आलो: एसटीची वेळ, ओढ्यावरचा पूल, पाणी. त्या फोननंतर मी आपल्या दोन तालुक्यांचे जुने कागद वाचू लागलो, आणि या पत्र लिहिण्याचे मूळ थेट सुप्याच्या बाजारापर्यंत जाते असे मला वाटू लागले. तेवढेच येथे मांडतो.

आधी इंदापूर. इंग्रजी अमलाच्या सुरुवातीला प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्यात जमिनीची प्रत बघून सारा बसवला. कागदावर हिशेब फार शास्त्रशुद्ध होता, पण सारा पेलण्याजोगा नव्हता. इंदापूरकडची शेते पडीक पडू लागली. मग गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्याने मोजणी केली आणि 1836 साली इंदापूर तालुक्यात तीस वर्षांसाठी सारा ठरवून दिला. हीच पद्धत पुढे मुंबई इलाखाभर गेली. आपल्याकडे 'सातबारा' म्हटले की सगळे दचकतात, त्या सगळ्या मोजणी-आकारणीची पहिली पाटी इंदापुरात गिरवली गेली, असे म्हणायला हरकत नाही. तीस वर्षे सरली आणि 1867 मध्ये फेरआकारणी होऊन इंदापूरचा सारा बराच वाढला.

वेळ मोठी वाईट होती. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे 1861 ते 1865 या काळात कापसाला सोन्याचा भाव आला होता आणि सावकार मागेल त्याला पैसे देत होते. युद्ध संपले, भाव कोसळले, सावकारांनी हात आखडले आणि जुन्या कर्जाची नवी खते लिहून घ्यायला सुरुवात केली. खत सावकार लिहायचा किंवा त्याचा कारकून. कुणब्याला वाचता येत नसे. तो सही म्हणून नांगराचे चित्र काढी, आणि शेजारी कारकून लिही: 'निशाणी नांगर'. बँकेत मी कर्जाच्या कागदांवर हजारो अंगठे उमटवून घेतले आहेत. कोणी विचारायचे, "साहेब, काय लिवलंय यात?" घाईच्या दिवशी मी म्हणायचो, "नेहमीचंच आहे, काका." हे आज लिहिताना बरे वाटत नाही, पण खरे आहे.

12 मे 1875, बुधवार. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते, आज बारामती तालुक्यात आहे. बाजारचा दिवस होता. आसपासच्या गावांतून जमलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांवर आणि घरांवर चाल केली. लुटालूट झाली, जाळपोळ झाली; पण मुख्य मागणी होती वह्या आणि खते यांची. पुढे पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या बऱ्याच गावांत हेच झाले, आणि जेथे सावकाराने खते मुकाट्याने दिली तेथे सहसा त्याच्या अंगाला कोणी हात लावला नाही. नऊशेहून अधिक माणसे पकडली गेली. ज्या लोकांना लिहिता येत नव्हते, त्यांनी आपल्याबद्दल लिहिलेले जाळले. दुसरा उपाय त्यांच्या हाती नव्हता.

सरकारने चौकशी आयोग नेमला. त्याचा अहवाल 1878 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटपुढे गेला. आज सुप्याबद्दल जे काही वाचायला मिळते त्यातले बरेचसे या अहवालातून येते. म्हणजे शेतकऱ्याची बाजूसुद्धा आपल्याला साहेबाच्या इंग्रजीतूनच कळते. एक अपवाद मात्र मला फार मोलाचा वाटतो. त्या कागदांत एका गावाने दुसऱ्या गावाला पाठवलेले पत्र आहे. आम्ही सगळ्यांनी मिळून सावकारांशी व्यवहार तोडायचे ठरवले असता तुम्ही त्यांची कामे का करता, असा त्यात जाब विचारला आहे. कोणा लिहिता येणाऱ्या गावकऱ्याने बसून ते लिहिले असणार. त्याचे नाव राहिले नाही.

अहवालानंतर 1879 मध्ये डेक्कन शेतकरी कायदा आला. त्यात एक कलम असे होते की शेतकऱ्याचे खत गावच्या निबंधकाने स्वतः लिहावे किंवा त्याच्या देखत लिहिले जावे. कर्जदाराला कागदातला मजकूर कळला पाहिजे, ही गोष्ट कायद्याने सांगावी लागली. कायद्याचा फायदा किती झाला यावर विद्वानांचे मतभेद आहेत, त्यात मी पडत नाही.

त्याच सुमारास लोक लिहूही लागले होते. पुण्याची सार्वजनिक सभा 1876 च्या दुष्काळात आपली माणसे गावोगाव पाठवून तेथली हकिकत लिहून मागवत होती आणि सरकारपुढे ठेवत होती. 1 जानेवारी 1877 रोजी कृष्णराव भालेकरांनी पुण्यात 'दीनबंधू' सुरू केले. जोतीराव फुल्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड'चे सुरुवातीचे भाग पुढे याच पत्रात आले आणि उरलेले छापायला पत्रकर्ते कचरले. स्वतःच्या माणसांचे वर्तमानपत्रसुद्धा कधी कधी कचरते. पत्रलेखकाने राग मानू नये. भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील नेवासे तालुक्यात दत्तक गेले. त्यांनी 1910 पासून 'दीनमित्र' चालवले, बहुतेक काळ तरवडीसारख्या खेड्यातून, 1967 पर्यंत. खेड्यात राहून खेड्याबद्दल लिहिणारा इतका चिवट संपादक मला दुसरा माहीत नाही.

माझे लिखाण याच्यापुढे काहीच नाही. सुरुवातीला मी टोपणनावाने लिहीत असे. लोकहितवादींनीही 1848 पासून 'प्रभाकर'मध्ये शतपत्रे टोपणनावानेच लिहिली, अशी मी मनाची समजूत घालत असे. खरे कारण साहेबाची भीती. 2013 च्या दुष्काळात आमच्या जिरायती भागात टँकर रात्री-अपरात्री येई आणि बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसून राहत. मी तावातावाने पत्र लिहिले. 'माताभगिनींच्या डोळ्यांतले अश्रू' वगैरे सगळे त्यात होते. छापून आले, लोकांनी वा वा केले, टँकर रात्री अकरालाच येत राहिला. मग आमच्या सुनेने सुचवले, "मामंजी, रोज किती वाजता येतो ते लिहून तरी ठेवा." तेवीस दिवस मी वही ठेवली: तारीख, वेळ, खेपा, किती घरांना मिळाले नाही. त्यावरून सात-आठ ओळींचे कोरडे पत्र पाठवले. चौथ्या दिवशी एका कचेरीतून माणूस आला आणि म्हणाला, "ती वही बघू." टँकर दुपारी चारला येऊ लागला. खेपा वाढल्या नाहीत, तेही सांगितले पाहिजे.

आता आपल्या वर्गाकडे येतो. नववीत भीमाकाठचा एक मित्र आपल्यात आला, आठवतो ना? उजनी धरणाचे काम तेव्हा चालू होते. ते 1980 साली पुरे झाले. त्याच्या घरच्यांनी गाव आधीच सोडले होते. सरांनी 'माझे गाव' हा निबंध दिला. त्याने सगळा भूतकाळात लिहिला: गावाला वेस होती, नदीला घाट होता. सरांनी लाल शाईने 'होते'चे 'आहे' केले. मग त्याला जवळ बोलावून काही विचारले, आणि स्वतःच्याच दुरुस्त्या एकेक करून खोडल्या. तो निबंध भित्तिपत्रकावर लागला. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या मुक्ताबाई नावाच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला होता. ते वाचताना मला आपले भित्तिपत्रक आठवले.

निबंधाचा कागद राहिला नाही. पण आपला मित्र या मेळाव्यासाठी पुन्हा लिहायला बसला आहे. दिवाळीत त्याच्याकडे गेलो तेव्हा चौदा पाने झाली होती. विहिरींची नावे, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी भरू देत नसत, कोणाची किती जमीन गेली आणि बदल्यात कोठे मिळाली. वहिनी मधूनमधून चुका काढत होत्या. "अरे, मोबदल्याचे आकडे घाल," मी म्हणालो. "कागद शोधतोय," तो म्हणाला, "थोरल्या भावाकडे ट्रंकेत आहेत."

गावाची वेस पूर्वेला होती की ईशान्येला, यावर मात्र त्याचे आणि त्याच्या भावाचे जमत नाही. पाणी फार उतरले की पळसदेवच्या जुन्या देवळाबरोबर आजूबाजूचे पडके चौथरेही उघडे पडतात. पुढच्या मे महिन्यात तसे झालेच, तर होडी करून आम्ही तिघे बघून येणार आहोत. आणखी कोणाला यायचे असेल तर कळवा. होडीत सहा जण बसतात.